गच्चीवरची सौरऊर्जा आणि तळमजल्यावरचा ओला कचरा

पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांमध्ये हल्ली गच्चीवर सौरपॅनेल बसवण्याचा ठराव फारशी खळखळ न होता मंजूर होतो, याचा मला आनंदच आहे. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे गच्चीवर तयार झालेली वीज बिलातून वजा होत असल्यामुळे, लिफ्टचे, पंपाचे आणि जिन्यातल्या दिव्यांचे बिल डोळ्यांदेखत उतरते. शिवाय 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. त्याच सभेत ओला कचरा आवारातच जिरवण्याचा विषय निघाला, की मात्र ‘वास येईल’, ‘उंदीर होतील’ आणि ‘आपण कर कशासाठी भरतो?’ ही तीन वाक्ये ठरल्याप्रमाणे येतात आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो.

माझ्या मते हवामानाच्या प्रश्नावरची आपली खरी परीक्षा या दुसऱ्या विषयात आहे. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला आणि त्याला हवा मिळेनाशी झाली, की त्यातून मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता धरून ठेवतो. पुण्याचा कचरा ज्यांच्या हद्दीत टाकला जात असे, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी या ढिगांच्या आगी, धूर आणि नासलेले विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे सोसले. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, की शहराला चार दिवस जाग येत असे. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे सांगितले. त्या ‘शक्यतो’चा आपण पुरेपूर फायदा घेतला.

वासाचा आक्षेप खोटा नाही, पण त्याचे कारणही हवा न मिळणे हेच आहे. उरलेली आमटी तशीच ओतली आणि वर कोरडा पालापाचोळा किंवा कोकोपीट घातले नाही, तर खताचा खड्डा नासणारच. तो अधूनमधून खालीवर करणारा माणूस हवा, त्याला नीट पगार हवा, आणि नेमका तोच खर्च अंदाजपत्रकातून पहिल्यांदा कापला जातो. (रंगरंगोटीचा कापला गेल्याचे मी अजून पाहिलेले नाही.)

हा सगळा भार सध्या कचरावेचक ताईंवर पडतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. घरोघरी दोन बादल्या आहेत; तरीही कोथिंबिरीच्या देठांतून दुधाची पिशवी हाताने ओढून काढायची वेळ ताईंवर येते, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची साधी विनंतीही अनेक सुशिक्षित घरांत पाळली जात नाही. भारताने 2070 साली नेट झिरो (हवेत सोडला जाणारा आणि शोषला जाणारा कार्बन सारखा) गाठण्याचे वचन दिले आहे, त्यावर आपण फॅमिली ग्रुपवर तावातावाने बोलतो. बादलीकडे मात्र पाहत नाही.

मालमत्ता करातली पर्यावरणपूरक सवलत बांधून ठेवलेल्या नव्हे, तर चालू असलेल्या खतप्रकल्पालाच मिळावी आणि त्यासाठी न कळवता तपासणी व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. चालू खड्ड्यात सळई खुपसून काही वेळाने बाहेर काढली, तर आतल्या कुजण्याच्या उष्णतेने ती हाताला गरम लागते. ते पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही.