कानामागून आला आणि तिखट झाला

बऱ्याच इन-इअर इअरफोनची, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्यांची, वायर कानावरून मागे वळवून मानेशी सोडायची असते. त्या वायरीच्या टोकाला फोनचा आवाज वाढवणारा खिशातला अ‍ॅम्प लागला, की तो अक्षरशः कानामागून येतो आणि तिखट होतो. म्हण कशी तयार झाली असेल, ते तेव्हा कळतं.

आधी हिशेब. बोटाच्या पेराएवढ्या इअरफोनच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं: १६ ओहम (हा इअरफोनचा विजेला होणारा अडथळा), १०५ डेसिबल प्रति मिलिवॉट. म्हणजे एक मिलिवॉट मिळाला की हा पठ्ठ्या १०५ डेसिबलने ओरडणार. निवांत ऐकायला ७० ते ७५ डेसिबल भरपूर होतात, आणि ८५ म्हणजे शेजारच्याने हाक मारली तरी ऐकू न येण्याइतका जोर. या ८५ साठीसुद्धा मिलिवॉटचा शंभरावा भाग पुरतो. व्होल्टेजमध्ये सांगायचं तर साधारण १२.६ मिलिव्होल्ट. आता अ‍ॅम्पचा डबा बघा. तिथे अभिमानाने लिहिलेलं असतं, २०० मिलिवॉट. तेवढे खरंच या इअरफोनमध्ये सोडले, तर आकडा १२८ डेसिबलवर जातो. तिथे गाणं संपून कानाच्या डॉक्टरांची फी सुरू होते. चिमणीला पाणी पाजायला आपण अग्निशमन दलाचा बंब बोलावलेला असतो, आणि यापुढचं सगळं आयुष्य त्या बंबाचा नळ जेमतेम थेंब पडेल इतकाच उघडा ठेवण्यात जाणार असतं.

पहिली ओळख सूंशी होते. रात्री घर शांत झालं, अ‍ॅम्प चालू केला, अजून गाणं लावलेलंही नाही, तरी कानात 'सूंऽऽ'. कुकरची शिट्टी होण्याआधीची वाफ जशी. प्रत्येक अ‍ॅम्पच्या पोटात थोडा गोंगाट असतोच. समजा तो फक्त १० मायक्रोव्होल्ट आहे. ३०० ओहमच्या, ९७ डेसिबलवाल्या मोठ्या हेडफोनला तो जेमतेम २ डेसिबलचा ऐकू येतो, म्हणजे येतच नाही. आपल्या १६ ओहमच्या चिमुरड्याला तोच गोंगाट २३ डेसिबलचा होतो, आणि रात्रीच्या शांततेत तो स्पष्ट जाणवतो. दोष अ‍ॅम्पचा नाही, या इअरफोनचे कान आपल्यापेक्षा तिखट आहेत. लोकलमध्ये मात्र ही सूं कोणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे खूप जणांना आपला अ‍ॅम्प दिवसा उत्तम आणि रात्री बिघडलेला वाटतो.

दुसरी गंमत नॉबची. स्वस्त-महाग कुठल्याही साध्या नॉबमध्ये एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात, एक डाव्या कानाची, एक उजव्या. मधल्या भागात दोघी एकमेकींशी जुळवून घेतात. अगदी तळाशी मात्र त्यांचं पटत नाही. आणि आपल्याला लागतो नेमका तळ! नॉब जरासा हलवला की गायिका डाव्या कानात जाऊन बसते, तबला उजव्यात येतच नाही. आणखी केसभर पुढे सरकवला की दोघेही एकदम अंगावर धावून येतात. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायची सोयसुद्धा राहत नाही, कारण दुसऱ्या कानात काही पोचलेलंच नसतं.

यावर उपाय आहे, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. अ‍ॅम्पवर गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट करायचा त्याचं, बटण असेल तर ते सर्वात खाली न्यायचं. 'हाय' हा शब्द वाचून हात शिवशिवतात, तिकडे बघायचं नाही. मग फोनचा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवर. मग नॉब शून्यावरून हळूहळू वर. घड्याळाच्या भाषेत नॉब नऊ वाजण्याच्या आतच घुटमळत असेल तर फोनचा आवाज आणखी उतरवायचा, म्हणजे नॉब दहा-अकराच्या शहाण्या भागात येतो. पण इथेही गोम आहे. फोनचं गाणं लहान झालं, तरी फोनचा स्वतःचा गोंगाट तेवढाच राहतो आणि नॉब वर नेला की तोही वर येतो. एक भोक बुजवावं तर दुसरीकडून गळती, पावसाळ्यातल्या पत्र्यासारखं.

जुन्या छंदिष्टांनी तर गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत अ‍ॅम्प बसवले आहेत. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ऑप-अ‍ॅम्प नावाची सिग्नल वाढवणारी एक चिप, आणि बॅटरीचे दोन समान भाग करायला ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे चिमुकले भाग. सुंदर वस्तू, जोडायला एक दुपार पुरते. पण मूळ आराखड्यात गेन ठरवायला १ आणि १० किलोओहमची जोडी आहे, त्यामुळे सिग्नल अकरापट होतो. आपल्याला १२ मिलिव्होल्ट हवेत, फोन देतो एक व्होल्टपर्यंत, आणि डबी म्हणते, थांबा, अकराने गुणते! असली डबी इन-इअरसाठी बनवत असाल तर गेन दोन-तीनच्या वर नेऊ नका. १ किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहम आणि १० तसाच ठेवला, की गेन तीनच्या आसपास येतो.

आता मला ज्याबद्दल खरोखर बोलायचं आहे ते आउटपुट इम्पीडन्स. शब्द ऐकूनच लोक विषय बदलतात. प्रकरण सोपं आहे: अ‍ॅम्प आणि इअरफोन एकाच ताटात जेवायला बसतात, आणि अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा जेवढा मोठा, तेवढा तो इअरफोनच्या वाट्यातलं खातो. एकच गोल ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) असलेल्या इअरफोनचा अडथळा सगळ्या सुरांना साधारण सारखा असतो, तिथे फार फरक पडत नाही. पण आत चार-पाच बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे वेगळ्या जातीचे चिमुकले ड्रायव्हर, कोंबलेला इअरफोन एका सुराला ८ ओहम असतो, तर दुसऱ्याला ४०. अ‍ॅम्पचा अडथळा १ ओहम असेल तर या दोन सुरांत ०.८ डेसिबलचा फरक पडतो, तो सोडून द्या. तोच १० ओहम असेल तर फरक ५ डेसिबलचा. इअरफोन बनवणाऱ्याने घातलेलं मीठ-तिखट सगळं इकडचं तिकडे. मग 'या अ‍ॅम्पने आवाजात ऊब आली' असली वाक्यं जन्माला येतात. ऊब कसली, काही सुरांचा वाटा खाल्ला गेलाय. अ‍ॅम्पचा अडथळा इअरफोनच्या अडथळ्याच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा, हा जुना नियम बहुतेक वेळा पुरतो. १६ ओहमला म्हणजे २ ओहमच्या आत.

सूं घालवायला बाजारात ७५ ओहमची एक छोटी पिन मिळते. ती लावली की सूं गप्प होते आणि आपण खूश. मघाचाच हिशेब ७५ ओहम घालून करा: त्या दोन सुरांमध्ये ११ डेसिबलची दरी! कानाचं दुखणं घालवायला कान कापला.

खरा इलाज दोन रेझिस्टरांचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, पाव वॉटचे सुटे मिळतात. अ‍ॅम्पकडून येणाऱ्या वायरीत १० ओहम, आणि त्यानंतर इअरफोनला समांतर १ ओहम. डाव्याला एक जोडी, उजव्याला एक. अ‍ॅम्पचा जोर साधारण अकराव्या भागावर येतो, म्हणजे २१ डेसिबल खाली, आणि त्याच्याबरोबर सूंही तेवढीच खाली. इअरफोनला समोर जेमतेम १ ओहमचा अडथळा दिसतो, त्यामुळे चव बिघडत नाही. शिवाय नॉब आपोआप वर, पट्ट्यांचं जिथे पटतं तिथे येतो. डावा-उजवा एकाच बॅचचा घ्या, मल्टिमीटर लावून जुळवा. १ ओहममध्ये दहा टक्क्यांचा फरक असला तर दोन कानांत जवळपास १ डेसिबलचा फरक पडतो. थोडक्यात, आवाज वाढवायला हजारो रुपयांचं यंत्र घ्यायचं आणि त्याने तो वाढवू नये म्हणून काही रुपयांचे रेझिस्टर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं; इथे मसाला स्वस्त आहे, कोंबडीच महाग.

रबर बँडबद्दल थोडक्यात. फोन आणि अ‍ॅम्प पाठीला पाठ लावून बांधायचे, तर रुंद सिलिकॉनचे पट्टे घ्या आणि फोनची बटणं टाळा, नाहीतर पट्टाच आवाज वाढवत बसतो. फोन २जी नेटवर्कवर गेला की 'टिर्र टिक टिर्र टिक' सुरू होतं. तो सेकंदाला २१७ वेळा ठिणग्यांसारखा बोलतो आणि अ‍ॅम्पची वायर ते ऐकते. विमान मोड लावला की बंद होतं, ऑफिसच्या फोनसकट. अ‍ॅम्प चार्जिंगला लावून ऐकताना गुरगुर आली तर चार्जर काढा. आणि बॅलन्स्डच्या, म्हणजे डाव्या-उजव्याच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या, भोकातून साध्या पिनवर जाणारं अ‍ॅडाप्टर कधीच लावू नका. त्यात डाव्या-उजव्याच्या उलट वायरी एकमेकींना चिकटतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो.

तक्रार करण्याआधी एक चाचणी. एक कान बारीक ऐकू येत असेल तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला. बारीकपणा इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दोष इअरफोनपासून मागे कुठेतरी आहे. पहिल्याच कानात राहिला, तर टिप (इअरफोनच्या तोंडावरची रबराची किंवा फोमची टोपी) नीट बसलेली नाही किंवा कान तपासून घ्या. बारीकपणा इअरफोनबरोबर गेला असेल तर आधी त्याची जाळी उजेडात धरून बघा: दहापैकी बऱ्याच वेळा तिथे कानातला मळ निघतो, आणि आपण अ‍ॅम्प विकायची जाहिरात लिहून ठेवलेली असते. 'अ‍ॅम्पमुळे बेस आला' यातलाही पुष्कळ बेस टिपचा असतो. फोमची टिप बोटांत वातीसारखी वळायची, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, टिप आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. फट राहिली की बेस त्या फटीतून पळून जातो, मग मागे २०० मिलिवॉट असोत की दोन हजार.

हे सगळं जमलं, सूं गेली, दोन्ही कान सारखे झाले, की मी जुन्या खासगी मैफलीचं एखादं ध्वनिमुद्रण लावतो. तानपुरा सुरू होतो, आणि त्याच्या मागे पुन्हा सूं! घाईने गाणं थांबवून बघायचं. थांबवल्यावर सूंही थांबली, तर ती टेपची. ती मैफलीबरोबरच आली आहे, तिला १० आणि १ ओहम लागू पडत नाहीत. नॉब किंचित वर न्यायचा आणि षड्ज लागायची वाट बघायची.