पर्सेंटाइलच्या चष्म्यातून एपी

बारावीच्या गुणांना प्रवेशात वजन द्यायचं की नाही, हा महाराष्ट्रातला वाद दर उन्हाळ्यात नव्याने पेटतो. सीईटी या प्रवेश परीक्षेच्या एका पेपरवर सगळं ठरतं, त्यामुळे वर्ग ओस पडतात आणि खासगी क्लासशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांत हजेरी फक्त कागदावर लागते, ही एक बाजू. बोर्डाचे गुण धरायचे म्हटलं तर प्रॅक्टिकलच्या गुणांची खैरातही धरावी लागेल, ही दुसरी. या वादात कुणीतरी हमखास अमेरिकेचा दाखला देतं की तिकडे एका परीक्षेवर काहीच अवलंबून नसतं. गंमत अशी की इथले, म्हणजे न्यू जर्सीतले किंवा बे एरियातले, मराठी पालक एपीच्या परीक्षेकडे अगदी सीईटीच्याच नजरेने बघतात. ‘तुमच्या मुलीला किती फाइव्ह?’ हा प्रश्न मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतही निघतो. प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवणारा आहे, आणि त्यापायी मुलांचे कष्ट व पालकांचे डॉलर दोन्ही वाया जातात.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हा कार्यक्रम चालवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्ये वर्षभर शिकायचा. असे चाळीसेक विषय आहेत. मे महिन्यात दोन आठवडे परीक्षा असतात आणि जुलैच्या सुरुवातीला १ ते ५ मधला एक आकडा हाती येतो, ५ सर्वांत वरचा. म्हणजे एका विषयातून दोन गोष्टी मिळतात. शिक्षकांनी वर्षभराच्या कामावर दिलेली श्रेणी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, जाते. परीक्षेचा गुण कॉलेज बोर्डाकडे राहतो आणि प्रवेश अर्जात तो सहसा विद्यार्थ्याने स्वतः लिहायचा असतो. प्रवेशाच्या वेळी जास्त वजन पहिल्या गोष्टीला असतं, दुसरीला बरंच कमी.

हे पडताळून पाहायला सोपं आहे. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता जाहीर करतात. त्यातल्या सी-७ या भागात प्रवेशाच्या कोणत्या निकषाला किती महत्त्व आहे ते दिलेलं असतं. अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, जीपीए (श्रेणींची सरासरी), प्रमाणित चाचण्या, निबंध असे रकाने त्यात आहेत. एपीच्या गुणांना वेगळा रकानाच नाही. काठिण्यपातळी मात्र निवडक कॉलेजांत जवळजवळ नेहमी ‘अत्यंत महत्त्वाची’ असते. शाळेचा काउन्सेलर जो फॉर्म भरतो, त्यातही या विद्यार्थ्याने शाळेत उपलब्ध विषयांपैकी सर्वांत कठीण निवडले का, असं विचारलेलं असतं. अर्जासोबत शाळेची माहितीपत्रिका जाते. शाळेत सहाच एपी असतील तर सहापैकी किती घेतले तेवढंच पाहिलं जातं. शेजारच्या गावातल्या शाळेत पंचवीस आहेत म्हणून तुमच्या मुलाचं काही बिघडत नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं गणित तर लेखी आहे. एपीच्या वर्गात सी किंवा वरची श्रेणी मिळाली की जीपीए काढताना त्या सत्रासाठी एक जादा गुण मिळतो. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतची जास्तीत जास्त आठ सत्रं त्यासाठी मोजतात, आणि त्यातली दहावीची चारपेक्षा जास्त चालत नाहीत. या जादा गुणाचा मे महिन्यातल्या परीक्षेशी काहीही संबंध नाही. परीक्षेला न बसलेल्या मुलालाही तो मिळतो.

मग ५ मिळवण्याला अर्थ किती? कॅल्क्युलस बीसीचं, म्हणजे एपीतल्या कॅल्क्युलसच्या वरच्या पातळीच्या पेपरचं, उदाहरण घ्या. ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि ६ लेखी प्रश्न, दोन्हींना निम्मं-निम्मं वजन, वेळ सव्वातीन तास. एकूण गुणांपैकी साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास मिळाले की ५ येतो, आणि परीक्षेला बसणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना तो मिळतो. आपल्याकडच्या पालकाला हे पचत नाही, कारण त्याच्या डोक्यात सात दशांश स्थळांपर्यंत छापलेला सीईटीचा पर्सेंटाइल असतो. तिथे चौथ्या दशांशावर पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची शाखा बदलते. इथे ६८ टक्केवाला आणि ९८ टक्केवाला एकाच खणात बसतात आणि प्रवेश अधिकाऱ्याला त्यांच्यातला फरक दिसतच नाही. एमआयटीला अर्ज करणाऱ्यांत बीसीचा ५ इतका सर्रास असतो की तो असल्याने कुणी उठून दिसत नाही.

गुण खरोखर काम करतो तो श्रेणीशी त्याचा मेळ बसत नाही तेव्हा. वर्गात ए आणि परीक्षेत २ असेल, तर शाळा सढळ हाताने श्रेणी वाटते असा अर्थ निघतो. वर्गात बी आणि परीक्षेत ५ असेल, तर शिक्षक कडक होते हे कुणी न सांगता कळतं. घरीच शिकणाऱ्या, अनोळखी शाळेतल्या किंवा परदेशातल्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो. येल विद्यापीठाने २०२४ मध्ये एसएटी किंवा एसीटी या प्रवेश चाचण्या, एपी किंवा आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम यांपैकी कशाचे तरी गुण सक्तीचे केले. तिथे एपीचा पर्याय निवडला तर आधी दिलेल्या सगळ्या एपी परीक्षांचे गुण कळवावे लागतात, सोयीचे तेवढे वेचता येत नाहीत. अन्यत्र साधारण व्यवहार असा: ४ आणि ५ लिहावेत, १ आणि २ लिहू नयेत, ३ राज्याच्या विद्यापीठाला लिहावा आणि अतिनिवडक कॉलेजला बहुधा टाळावा. मुख्य विषयाशी संबंध असलेले गुण आधी बघावेत. इंजिनिअरिंगला अर्ज करणाऱ्याच्या यादीत बीसी आणि फिजिक्स सी नसून ह्यूमन जिऑग्राफी, सायकॉलॉजी आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्सचे तीन ५ असतील, तर ती बेरीज कुणाला प्रभावित करत नाही.

वेळापत्रकाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, निर्णय मार्चअखेरपर्यंत येतात, १ मेच्या सुमारास जागा पक्की करायची असते. बारावीच्या एपी परीक्षा त्यानंतर मे महिन्यात होतात. म्हणजे त्या परीक्षांच्या गुणांचा प्रवेशावर परिणाम होणं शक्यच नाही. त्या वर्गांची श्रेणी मात्र मोजली जाते, कारण पहिल्या सत्राचा निकाल बऱ्याच कॉलेजांना मध्येच पाठवावा लागतो आणि शेवटचा ट्रान्सक्रिप्ट सगळ्यांनाच. बारावीत घसरगुंडी झाली तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात. तेव्हा एप्रिलमध्ये ‘आता फक्त एपीचा अभ्यास कर’ असं सांगून वर्गातला गृहपाठ बुडू देणं म्हणजे उलटी गंगा.

बारावीच्या एपी परीक्षा द्यायच्या त्या क्रेडिटसाठी, म्हणजे कॉलेजातला तो विषय आधीच झाला असं धरलं जावं यासाठी. इथेच त्या गुणाला रोख किंमत आहे. टेक्सास, इलिनॉय, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत सरकारी विद्यापीठांनी साधारणपणे ३ पासून क्रेडिट द्यावं असे नियम आहेत. पदवीला १२० क्रेडिट लागत असतील आणि मूल ३० घेऊन आलं, तर कागदोपत्री वर्ष वाचतं. शिवाय विषय-नोंदणीचा क्रमांकही बऱ्याच ठिकाणी वर सरकतो. पण कॅल्टेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१८ च्या पदवी-तुकडीपासून ते बंद केलं. एमआयटी बीसीच्या ५ वर पहिला कॅल्क्युलस माफ करतं, जीवशास्त्राच्या ५ वर काही देत नाही. अनेकदा क्रेडिट मिळतं ते नुसतं ऐच्छिक खात्यात, मुख्य विषयाच्या गरजेत ते धरत नाहीत, म्हणून वर्ष वाचेलच असं नाही. डॉक्टर व्हायचं असेल तर आणखी सांभाळून, कारण बरीच मेडिकल कॉलेजं रसायन-जीवशास्त्राची अट एपीवर पूर्ण झाली असं मानत नाहीत. आणि अकरावीत बीसी संपवून वर्षभर गणिताला हात न लावलेलं मूल कॉलेजात थेट मल्टिव्हेरिएबल या कॅल्क्युलसच्या पुढच्या टप्प्यात बसलं, तर पहिल्याच सत्रात गटांगळ्या खातं.

परीक्षेचं शुल्क अमेरिकेत सुमारे १०० डॉलर आणि बाहेर सुमारे १३० डॉलर आहे. पुण्या-मुंबईतून अमेरिकेला अर्ज करू पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्युनिअर कॉलेजात एपी नसेल तर ते न दिल्याबद्दल कुणी गुण कापत नाही. तरीही द्यायच्या असतील तर अकरावीच्या मे महिन्यात, बाहेरच्या मुलांना बसू देणारं केंद्र आधीच्या शरद ऋतूतच गाठून. नोंदणी नोव्हेंबरच्या मध्याला जवळपास बंद होते. बारावीच्या मे महिन्यात सीईटी, नीट आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्डची धामधूम असते आणि निकालाचा प्रवेशाला उपयोगही नसतो. जेईईची तयारी केलेल्या मुलांना बीसीचं गणित सोपं वाटतं, पण लेखी प्रश्नांत त्यांचे गुण जातात. मध्यमान प्रमेय वापरताना फल सलग आहे आणि विकलनीय आहे हे लिहावं लागतं, एककं द्यावी लागतात, निष्कर्षाचं कारण वाक्यात मांडावं लागतं. नुसत्या बरोबर उत्तराला पूर्ण गुण नाहीत.

आता मूळ वादाकडे. अमेरिकेचा दाखला देणारे अर्धंच सांगतात. इथे नाकारलेल्या मुलाला का नाकारलं ते कधीच कळत नाही. कॅप राउंडची, म्हणजे महाराष्ट्रातल्या केंद्रीय प्रवेश फेरीची, कटऑफ यादी क्रूर असली तरी भिंतीवर लावलेली असते, आणि त्या पारदर्शकतेची किंमत इथे आल्यावर कळते. एपीतून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. वर्गातली श्रेणी आणि बाहेरची परीक्षा एकाच विषयाला, एकाच अभ्यासक्रमाला बांधलेल्या आहेत, त्यामुळे एकीतली लबाडी दुसरीत उघडी पडते. आपल्याकडे बोर्ड आणि सीईटी दोन वेगळे बाजार आहेत, दोन्हींच्या शिकवण्याही वेगळ्या. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वजन होतं. तेव्हा निरनिराळ्या बोर्डांचे गुण एका पातळीवर आणण्यावरूनच रणं माजली आणि २०१७ पासून ते वजन काढून टाकलं गेलं. आज बोर्ड आणि सीईटीला ५०-५० वजन मागणाऱ्यांनी आधी हे सांगावं की ३० पैकी ३० प्रॅक्टिकलचे गुण वाटणाऱ्या कॉलेजची तपासणी कोण आणि कोणत्या परीक्षेवरून करणार.