चार इंची पातं खिशात कशाला?

माझा भाचा यंदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याने मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हाच मागवू का?" हाच मेसेज महिनाभरात मला आणखी तीन ग्रुपवर आला होता. सोबत काळ्या, जाडजूड घडीच्या चाकूचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: रोज खिशात एकच चाकू ठेवायचा तर पातं किमान चार इंच आणि चांगलं जाड हवं. पोलाद डी-२ घ्या, वर्षभर धार लावायला नको आणि गंजही नाही. लॉक, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी खीळ, नसलेला चाकू म्हणजे खेळणं. नऊ इंचांपर्यंत कायदा विचारत नाही. आणि वेळ आली तर हाच चाकू जीव वाचवेल.

मी भाच्याला "नको" म्हटलं. पण नुसतं "नको" म्हणून पोरांनी का ऐकावं? म्हणून हे सविस्तर.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. वीस वर्षं झाली, खिशात चाकू नसलेला दिवस आठवत नाही. तो दिवसभर काय कापतो? सुताच्या कोनवरचं, म्हणजे रिळावरचं, प्लॅस्टिक, गठ्ठ्याची पट्टी, सुतळी, खोक्याची टेप, लोंबणारे दोरे, आणि दुपारी डब्यासोबतचा कांदा. यातल्या एकाही कामाला अडीच-तीन इंचांपेक्षा जास्त पातं लागत नाही. उलट लांब पातं नडतं. कामाला लागलो तेव्हा माझ्याकडेही लांब, टोकदार चाकू होता. एकदा गठ्ठ्याचं वेष्टण फाडताना टोक आत गेलं आणि वरच्या टॉवेलांना बोटभर चीर पडली. एक नाही, एकाखाली एक चार. तयार माल, धुऊन घडी घातलेला. त्या दिवसापासून मी टोकाकडे खाली उतरलेलं, बोथट नाकाचं छोटं पातं वापरतो.

लांबीपेक्षाही मेसेजमधला "जाड" हा शब्द मला जास्त खटकतो. घरी सांगोल्याचं डाळिंब आलं की करून बघा. वरचा मुकुट गोल कापायचा, मग सालीवरच्या उंचवट्यांवरून उभ्या रेघा मारायच्या, फक्त सालीपुरत्या, आणि हाताने फळ उघडायचं. दोन मिलिमीटरच्या आतलं पातळ पातं असेल तर साल तेवढीच चिरते, दाणा एकही फुटत नाही. चार मिलिमीटरचं जाड पातं सालीत शिरलं की पाचरीसारखं फाकत जातं. धार कितीही असो, आतले दाणे चिरडतात आणि रस मनगटावर येतो. कापणं हे नुसत्या धारेचं काम नाही, धारेमागच्या जाडीचंही आहे. आपल्या घरातल्या विळीचं पातं बघा, धारेकडे किती पातळ होत गेलेलं असतं. फ्रान्सचा ओपिनेल चाकू १८९० पासून बनतोय, लाकडी मुठीचा, दिसायला अगदी साधा. पण पातं पातळ. तो इतकी वर्षं टिकला तो या पातळपणावर.

आता डी-२. चांगलं पोलाद आहे, मी नाही म्हणत नाही. मुळात ते साचे आणि डाय बनवायचं. कार्बन साधारण दीड टक्का, क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. बारा टक्के क्रोमियम ऐकलं की वाटतं, स्टेनलेसच झालं. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण कणांत अडकतं. गंज अडवायला मोकळं क्रोमियम लागतं, ते कमी उरतं. म्हणून डी-२ गंजतं. साध्या लोखंडाइतकं लवकर नाही, पण घामट खिशात चार दिवस राहिलं की ठिपके येतात. आणि मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर गेला की कुणाच्या खिशात घाम नसतो?

साधं कार्बन पोलाद तर डाळिंबाच्या सालीने काळं पडतं, सालीतलं टॅनिन लोखंडाशी लागून. कैरी चिरल्यावर विळी काळी पडते, ती कैरीच्या आंबटाने. त्याने बिघडत काही नाही, पण पुसून ठेवायची सवय हवी. ती नसेल त्याने सरळ स्टेनलेस घ्यावं.

"वर्षभर धार लावायला नको" हे वाक्य मात्र नुकसान करणारं आहे. पुठ्ठा रोज कापणाऱ्याला विचारा. पुठ्ठ्यात बारीक कचकच असते, ती कुठल्याही धारेला खाते. कठीण पोलादाची धार उशिरा जाते हे खरं, पण गेली की घरच्या दगडावर परत आणताना हात दुखून येतात. त्याला डायमंडचा दगड लागतो. सायकलचं चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे नेलं तर ठिणग्या उडतात, पातळ कड तापते आणि तिचा कडकपणा उतरतो. उलट स्विस व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद बघा. कडकपणा रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास, म्हणजे मुद्दाम मऊसर ठेवलेला. १८९७ पासून जगभरच्या खिशांत फिरणारा हा चाकू कपाच्या बुडाची खरखरीत कड वापरूनही पाच मिनिटांत परजता येतो. मी दर रविवारी दुहेरी दगडावर माझा चाकू परजतो. आधी भरड बाजू, मग बारीक. पातं दगडाशी साधारण वीस अंशात धरायचं. पलीकडच्या बाजूला नखाला बारीक कूस, म्हणजे धारेवर वळलेली धातूची कड, लागली की उलटायचं. शेवटी चामडी पट्ट्यावर दहा हात. एवढं येत असेल तर पोलादाच्या नावासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज राहत नाही.

लॉकच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करतो. नुसत्या स्प्रिंगवर उभं राहणारं पातं टोकाने भोक पाडताना मिटू शकतं आणि बोटावर येतं. म्हणून भोकं पाडायची असतील तर लॉक असलेला बरा. पण खेळणं? स्विस चाकूचं मोठं पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं असतं, आणि त्याने पिढ्यांनी काम केलंय. लॉक भक्कम आहे म्हणून पात्याने डबे उचकटणारे मी पाहिलेत, टोक तुटूनच हातात येतं. लॉकही घासतो. लायनर लॉकमध्ये मुठीतली एक पत्ती सरकून पातं अडवते; तिथे सुताचा भुसा बसला की पत्ती पुरती सरकत नाही, आणि वरून बघून कळत नाही. आमच्याकडे भुसा सगळीकडे उडतो, म्हणून मी आठवड्याला ब्रशने सांधा झाडून एक थेंब तेल सोडतो.

कायद्याबद्दलचं वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण त्यात आकडा आहे आणि आकडा दिसला की लोक विश्वास ठेवतात. नऊ इंच लांबी, दोन इंच रुंदी हे माप शस्त्र नियमांच्या परिशिष्टात आहे. कुठली पाती कुठल्या वर्गातली शस्त्रं धरायची, यासाठी ते आहे. त्याहून लहान चाकू कुठेही, कधीही बाळगा, अशी परवानगी त्यात नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ आहे. सण, निवडणूक, तणाव असेल तेव्हा पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी त्याखाली आदेश काढतात, आणि त्या काळात शस्त्रं, काठ्या, सुरे बाळगायला मनाई असते. सोलापूर शहराला आयुक्तालय आहे, इथेही असे आदेश निघतात. मोडले तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. गर्दीत कुणाच्या खिशातून काळं, चार इंची, खटक्यासरशी उघडणारं पातं निघालं तर समोरचा शिपाई इंच मोजत बसणार नाही. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालतच नाही. होटगी रोडच्या विमानतळावरून विमान धरणाऱ्यांनी तो चेक-इनच्या बॅगेत टाकावा.

जीव वाचवण्याबद्दल भाच्याला मी फोनवरच सांगितलं. चाकू काढला की भांडण मिटत नाही, चिघळतं. समोरच्याच्या हातात तो गेला तर काय, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदाही लिहिलेलं नाही. पळायला पाय आहेत, हाक मारायला आवाज आहे, ११२ नंबर आहे. संरक्षणासाठी चाकू घेणार असशील तर मी तुला एक रुपया देणार नाही, असं स्पष्ट म्हणालो. तो गप्प बसला, मग म्हणाला, "वर्कशॉपला लागतो मामा, आणि होस्टेलवर फळं कापायला."

त्या कामांसाठी मग आम्ही रविवारी बाजारात गेलो. अडीच इंची स्टेनलेस पातं, धारेकडे पातळ, जोडीला छोटी कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर. दुकानातच उघडून पातं डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिलं, डुलत नव्हतं. मिटवून उजेडासमोर धरलं, टोक मुठीबाहेर येत नव्हतं. पँटच्या खिशात टाकून त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं, टोचत नव्हता. घरी आल्यावर दगड पाण्यात भिजत घातला आणि पहिली धार त्याच्याच हाताने लावून घेतली.