॥ पायथन डॉट एच प्रसन्न ॥

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात परवा एकाच टेबलावर दोन मजकूर तपासायला होते. एका टोकाला आई, चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन. दुसऱ्या टोकाला मी, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी सी भाषेत एक्स्टेन्शन, म्हणजे पायथनला जोडायचा वेगवान तुकडा, लिहीत. मार्केट यार्डातल्या एका अडत्याच्या गुळाच्या नोंदी मोजताना पायथन रांगायचा, म्हणून "एवढं एक फंक्शन सीमध्ये टाकतो की" असं मीच मोठ्या तोंडानं बोलून बसलो होतो. फंक्शन चाळीस ओळींचं. तीन दिवस गेले वरच्या चार ओळींत.

पहिल्या दिवशी कंपायलर (आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा) म्हणाला, पायथन डॉट एच नावाची फाइलच नाही. नाही म्हणजे? पायथन तर समोर चालतोय! पण उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर पायथन वेगळा आणि त्याच्या हेडर फाइली, म्हणजे कुठली फंक्शनं आहेत हे सांगणाऱ्या याद्या, वेगळ्या; पायथन डॉट एच त्यातलीच. त्या 'पायथन थ्री डेव्ह' हे पॅकेज घातल्यावरच येतात. म्हणजे मिसळ समोर आल्यावर "कटाची ऑर्डर वेगळी द्यायची होती की" असं ऐकायचं. कोल्हापुरात कुणी असं बोलून बघावंच.

दुसऱ्या दिवशी क्रम. हाताच्या सवयीनं मी आधी स्टँडर्ड हेडर लिहिली होती, खाली पायथन डॉट एच. तर नियम असा की पायथन डॉट एच सगळ्यांच्या आधी पाहिजे, कारण त्यातल्या काही व्याख्यांमुळे काही सिस्टिमांवर पुढच्या हेडरांचं वागणं बदलतं.

तेवढ्यात आई कडाडली, "ह्या प्रेसवाल्यानं आजोबांना अंबाबाईच्या वर घातलंय! आरं, आधी देव, मग माणसं!"

"आई, माझंबी तेच झालंय."

"तुझं कुठलं लगीन?"

मी गुपचूप ओळ वर नेली. तरी भागलं नाही. अंबाबाईच्याही वर गणपती असतो, तसा माझ्या जुन्या पायथनला पायथन डॉट एचच्याही वर एक मॅक्रो, म्हणजे कंपायलरसाठीची खूण, लागतो: पीवाय-एसएसाइझ-टी-क्लीन. (हे नाव फोनवर सांगायला गेलो की समोरचा "हॅलो, हॅलो" करतो.) तो विसरला तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. पण पायथन ३.१० ते ३.१२ मध्ये, मजकुरासोबत त्याची लांबी मागणारा हॅशवाला (#) फॉरमॅट वापरलात की ऐन चालवताना सिस्टिम एरर. (३.१३ पासून ही सक्ती उठली.) म्हणजे अक्षता पडायच्या वेळी भटजींनी विचारायचं, गणेशपूजन झालंय न्हवं?

तिसऱ्या दिवशी सगळं बिनबोभाट कंपाइल झालं. मी चहा टाकला. पायथनमध्ये इम्पोर्ट केलं, तर 'अनडिफाइंड सिम्बॉल', म्हणजे नाव आहे पण फंक्शन सापडत नाही. माझ्याच हेडरमध्ये मी एक फंक्शन जाहीर केलं होतं, त्याची सी फाइल सेटअपमधल्या सोर्सच्या यादीत (काय काय कंपाइल करायचं ती यादी) टाकायचीच राहिली होती. हेडर बिचारं काय करणार? ते नुसतं सांगतं, असं असं फंक्शन आहे. पत्रिकेत 'भोजन दुपारी १२.३० वाजता' छापलंय आणि आचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, तशातली गत. हे मी आईला समजावायला गेलो, तर ती दचकून काकांना फोन लावायला उठली. आचाऱ्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

एक्स्टेन्शन चाललं एकदाचं. पत्रिकाही छापून आल्या, पाचशे. देव वर, आजोबा खाली, सगळं जागच्या जागी. संध्याकाळी नवरीच्या मामांचा फोन आला. आईचे हात कणकेत, म्हणून मी घेतला.

"काय भाच्या, पत्रिका बघितली. माझं नाव दिसंना झालंय?"

"सोर्सच्या यादीत राहिलंय, मामा," मी म्हणालो.