मेरिट मेरिट काय लावलंय?

आज सकाळी आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एका दादांनी इथल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठाच्या प्रवेशांची ती जुनी आकडेवारी पुन्हा टाकली. २०२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंश बघायला बंदी घातली, त्या निकालानंतरची पहिली बॅच: एशियन (म्हणजे आपलीही) मुलं ४७ टक्के, कृष्णवर्णीय १३ वरून ५ टक्क्यांवर. वर मथळा, "शेवटी मेरिट जिंकलं!" खाली पेढे, फटाके, जोडलेले हात.

१३ वरून ५. आणि आपण पेढे वाटतोय. कामावर जाईपर्यंत डोकं नुसतं भणभणत होतं, म्हणून हे लंचमध्ये लिहितेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आपल्या मुलांवर अन्याय झालाच नाही, असं मी म्हणत नाहीये. माझ्याच घरात बघितलंय. लेक अकरावीत असताना आम्ही एक कॉलेज काउन्सेलर धरली होती. फी विचारू नका. तिने त्याचा बायोडेटा वाचला आणि गोड हसून म्हणाली, "तबला काढून टाकू या. मॅथ्स टीमही खाली ढकलू. फारच इंडियन दिसतोय." लहानपणापासून वाजवतो पोरगा! नवरा गप्प, मी गप्प. लेकाने तेवढं विचारलं, "मग मी कोण आहे असं लिहायचं?"

तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

ज्या खटल्यात तो निकाल लागला, त्या हार्वर्डच्या खटल्यात तेच तर बाहेर आलं. 'पर्सनल रेटिंग' नावाचा प्रकार. मुलगा प्रेमळ आहे का, धीट आहे का, लोकांना आवडेल का, याचे गुण. त्यात आपली मुलं मागे. गंमत म्हणजे जे माजी विद्यार्थी मुलांना प्रत्यक्ष भेटून मुलाखती घेत, ते चांगले गुण देत होते. ऑफिसात बसून नुसती फाइल वाचणारे मात्र कमी देत होते. ही विद्या आजची नाही. १९२० च्या दशकात ज्यू मुलं फार झाली म्हणून याच हार्वर्डने 'चारित्र्य' बघायला सुरुवात केली होती. तेव्हा ज्यूंचं, आता आमच्या तबल्याचं.

पण दादा, तबला काढायला कुठल्या काळ्या पोराने सांगितलं होतं? त्याच्या बापाने ते रेटिंग बनवलं होतं का?

त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती मात्र ग्रुपवर कोणी टाकत नाही. हार्वर्डला प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची पोरं, प्राध्यापकांची पोरं किंवा डीनच्या खास यादीतली. म्हणजे देणगीदार वगैरे मंडळी. माजी विद्यार्थ्याच्या पोराला साधारण तीनात एक संधी, बाकीच्यांना शंभरात सहा. हे आरक्षण नाही? की वाड्याच्या मागच्या दाराला आपण आरक्षण म्हणत नाही? निकालाने पुढच्या दारातली एक फळी काढली, मागचं दार जसंच्या तसं. एमआयटी तरी माजी विद्यार्थ्यांच्या पोरांचा हा वारसाहक्क, म्हणजे 'लेगसी', मानत नाही, तेवढं कबूल.

आणि हो, श्रीमंत डॉक्टरच्या कृष्णवर्णीय मुलालाही जुन्या पद्धतीत फायदा व्हायचा. व्हायचा. पुढे?

आपल्यातले निम्मे लोक पुण्या-मुंबईहून आरक्षणाच्या नावाने बोटं मोडतच विमानात बसले. इथे येऊन 'मायनॉरिटी' झालो, तरी सवय जाईना. १९६५ च्या ज्या इमिग्रेशन कायद्याने आपल्यासाठी या देशाचं दार उघडलं, तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या हवेत झाला. ती चळवळ कोणी लढली, माहितीये ना? आणि १४ एप्रिलला हाच ग्रुप बाबासाहेबांचा कोलंबियातला फोटो अभिमानाने फिरवतो. १९१३ साली ते तिथे पोचले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. ती देताना महाराजांनी तबला काढून टाक म्हटलं नव्हतं.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग जरा उतरला. ग्रुपवरच्या आयांचा मला खरंच राग नाही. मार्चअखेरची ती कॉलेजांच्या निकालाची संध्याकाळ मीही काढलीये. लेक लॅपटॉप उघडून बसलेला आणि आपण स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत. नकार आला की कोणावर तरी ओरडावंसं वाटतं आणि ओरडायला दुबळा माणूस सोपा पडतो. समजतं मला.

पण ज्या दादांनी ती पोस्ट टाकली, ते स्वतः हार्वर्डसारख्याच एका जुन्या, नामांकित 'आयव्ही लीग' विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. मागच्या गणपतीत आरतीनंतर मलाच म्हणाले होते, "आमच्या मुलीचं टेन्शन नाही हो, लेगसी आहे."

कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खाजगी विद्यापीठांतलाही हा वारसाहक्क बंद केला. आपल्या राज्यात तसं बिल आलं तर दादा पाठिंब्याची सही करणार का, एवढंच मला हवंय. आणि तोपर्यंत लेकीच्या अर्जातली 'वडील माजी विद्यार्थी' ही ओळ गाळून दाखवा. मग मेरिटवर बोलू.

भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या, पण रात्री. आत्ता मीटिंग आहे.