वर्गीकरण नेमके कोणत्या पातळीवरचे?

तुर्की आणि फिनिश या दोन्ही भाषा प्रत्ययांची साखळी जोडतात, म्हणून भाषांच्या वर्गीकरणावरील ज्या लेखाला मी हे उत्तर देत आहे, त्यात त्यांना एकाच वर्गात बसवले आहे. शब्दरचनेपुरते ते मान्य, परंतु तुर्कीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते, तर फिनिशमध्ये बहुधा कर्माआधी. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली ३० भाषांच्या आधारे मांडलेली ४५ सार्वत्रिके (जगभरच्या भाषांना लागू होणारी सामान्य विधाने) मला अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांतली बरीचशी सशर्त आहेत, म्हणजे ‘भाषेत एक गुण असेल तर दुसराही असतो’ अशा स्वरूपाची. उदाहरणार्थ, क्रियापद शेवटी असणाऱ्या भाषांत शब्दयोगी अव्यये नामानंतर येण्याकडे कल असतो (फारसी हा ठळक अपवाद). ध्वनींची पातळी लेखाने वगळली, हे खटकते: तुर्कीत ‘एव’चे (घर) अनेकवचन ‘एवलेर’, पण ‘आत’चे (घोडा) ‘आतलार’ होते, म्हणजे प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दातील स्वरावरून ठरतो.