जॅम खरा होता, शनिवारी रात्रीचं उत्तर खोटं होतं

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या ट्रेलर वाहतुकीला एक स्टार दिलात आणि लिहिलंत: "चाकणचा एक कंटेनर पोचवून रिकामा परत द्यायला दहा दिवस. विचारलं की पोर्ट जॅमचं तुणतुणं. वर सीएफएसचा खर्च, हॉल्टिंग आणि डिटेन्शन आमच्या माथी. खोटं बोलणारे लोक." उत्तराला चार दिवस लागले, कारण ड्रायव्हर, आमचं ऑफिस आणि रिकामा कंटेनर घेणाऱ्या यार्डाची पावती तिन्हीकडच्या वेळा जुळवून पाहायच्या होत्या.

आधी खोट्याचं. शनिवारी रात्री नऊला तुमच्या स्टोअरमधून फोन आला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या पोराने सांगितलं, "गाडी टर्मिनलच्या रांगेत आहे." गाडी त्या वेळी भिवंडीत दुसऱ्याच पार्टीच्या गोदामात उभी होती, माल उतरायचा होता. तुमच्या कामाची गाडी मीच तिकडे लावली होती, दुपारपर्यंत मोकळी होईल या हिशेबाने. ती सुटली रात्री अकराला, शिळफाट्याला अडकली आणि न्हावा शेव्याला पोचली रविवारी पहाटे पाचला. पोराने थाप मारली ती माझी चूक झाकायला. जॅम खरोखरच होता म्हणून ती खपलीही. आता खरा जॅम असला तरी तुमचा विश्वास बसणार नाही, यात तुमचा दोष नाही.

पण जॅम होता, तेवढं सांगू द्या. न्हावा शेव्याच्या जेएनपीए बंदरातल्या पाच टर्मिनलांतून 2024-25 मध्ये 70 लाखांहून जास्त टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) हाताळले गेले. एवढ्या पसाऱ्यात एक वेसल (जहाज) उशिरा आलं की पुढचं सगळं सरकतं. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाले, युरोपची बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला लागली आणि वेळापत्रकाचा पार विचका झाला. आठवड्याच्या अंतराने यायची ती दोन वेसल एकाच दिवशी बर्थ, म्हणजे धक्क्यावर जागा, मागतात. तुमचं वेसल दोन दिवस बाहेर नांगर टाकून उभं होतं. त्यात जुलैचा वारा. वारा वाढला की क्रेन थांबवतात. मग टर्मिनलच्या यार्डात कंटेनरचे थरावर थर. तुमचा कंटेनर खालच्या थरात असेल तर वरचे दोन-तीन हलवल्याशिवाय तो ट्रेलरवर येत नाही, आणि तेवढा वेळ मागची रांग करळच्या दिशेने वाढत जाते.

तुमचा कंटेनर गुरुवारी रात्री अकराला उतरला. तुमच्या सीएचएने (कस्टम एजंटने) बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, जहाज यायच्या आधीच भरलं होतं, ते उत्तम केलं. नाहीतर पहिले तीन दिवस रोजचे 5000 आणि पुढे रोजचे 10000 रुपये दंड बसतो. पण लाइनचे (जहाज कंपनीचे) पैसे शुक्रवारी संध्याकाळी गेले आणि डीओ, म्हणजे कंटेनर सोडायचं लाइनचं पत्र, हातात पडला शनिवारी संध्याकाळी सहाला. डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीचे, म्हणजे कंटेनर थेट बंदरातून उचलायचे, 48 तास शनिवारी रात्री अकराला संपत होते. रांग चार तासांची होती. गाडी सात वाजता रांगेत असती तर जेमतेम आत गेली असती. गेलीच असती अशी पैज मी लावणार नाही, पण ती संधी आम्ही घालवली. रविवारी कंटेनर सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, हलला, सोमवारी संध्याकाळी गेट पास मिळाला. म्हणून सीएफएसचा पूर्ण खर्च मी बिलातून काढलाय.

मंगळवारी सकाळी अकराला गाडी तुमच्या गेटवर होती. पावसात घाट चढून आणि तळेगाव-चाकणच्या रस्त्यावर रखडून ड्रायव्हर वेळेत आला, त्याला बोलू नका. क्रेन नव्हती म्हणून माल उतरला गुरुवारी संध्याकाळी पाचला. हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचं भाडं) दोन दिवसांचं धरलं होतं, ते एकाच दिवसाचं ठेवलंय.

आता डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचे लाइनचे पैसे, ज्यावर तुम्ही सगळ्यात चिडलात. माल उतरला म्हणजे कंटेनर सुटला असं बहुतेक आयातदारांना वाटतं. लाइनचं मीटर मात्र रिकामा कंटेनर तिने सांगितलेल्या यार्डात जाऊन पावती फाटेपर्यंत चालूच असतं. तुम्हाला फ्री दिवस, म्हणजे डिटेन्शन न लागणारे, सात होते, गुरुवार ते बुधवार. मंगळवारीच माल उतरला असता तर एम्प्टी (रिकामा कंटेनर) बुधवारी आत गेला असता. तो यार्डावर पोचला शुक्रवारी पहाटे आणि तिथे ऐकायला मिळालं, जागा नाही. लाइनने सांगितलेलं यार्डच भरलेलं! दुसऱ्या यार्डाचं पत्र संध्याकाळी साडेसहाला आलं, एम्प्टी शनिवारी सकाळी जमा झाला. दिवसभर गाडी अडकली, डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता आमचा. त्यामुळे शनिवारचं डिटेन्शन तुमच्याकडून घेणार नाही. नकाराचा फोटो वेळेसकट लाइनला मेल केलाय. त्यांनी माफ केलं तर ठीक, नाही केलं तर मी बघतो. गुरुवार आणि शुक्रवार मात्र क्रेनचे आहेत, ते बिलात राहतील.

एक फुकटचा सल्ला, ऐकायचा तर ऐका. फ्री दिवस वाढवून मागायची वेळ माल परदेशात बुक होतानाची असते, कंटेनर इथे उतरल्यावर लाइन ढिम्म हलत नाही. तुमच्या सप्लायरला सांगून 14 दिवस मागून बघा. पावसाळ्यात तर नक्कीच.

आमच्याकडे केलेला बदल एवढाच की डीओ आला की गाडीचा नंबर आणि ती कुठे उभी आहे हे थेट ड्रायव्हरच्या फोनवरच्या लोकेशनसकट तुम्हाला जाईल, ऑफिसमधून कोणी तोंडी सांगणार नाही. आणि दुसरीकडे लावलेली गाडी "मोकळी होईलच" या भरवशावर मी तुम्हाला कबूल करणार नाही. गाडी नसेल तर नाही म्हणेन, मग तुम्ही दुसऱ्याची घ्या.

सुधारित बिल काल तुमच्या अकाउंट्सना मेल केलंय. गेटवरच्या तुमच्या रजिस्टरमध्ये गाडी आत आल्याची किंवा सुटल्याची वेळ वेगळी असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा, तेवढे तास लगेच कमी करतो.